वाढीचे संप्रेरक: टंचाईकडून मुबलकतेकडे

उंची खुंटलेल्या मुलाला वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने द्यावीत की नाहीत, हे रक्ततपासणीच्या एका आकड्यावरून ठरते, असा बहुतेक पालकांचा समज असतो. त्या आकड्याची मर्यादा मात्र गेल्या सहा दशकांत अनेकदा सरकली आहे, आणि ती सरकण्यामागे शरीरशास्त्राइतकाच औषधाच्या पुरवठ्याचाही वाटा आहे. औषध दुर्मीळ होते तेव्हा ‘कमतरता’ या शब्दाची व्याख्या कडक होती, ते मुबलक झाले तशी ती सैल होत गेली. आजच्या अनेक मतभेदांचे मूळ या इतिहासात आहे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीचा आणि वाढीचा काही संबंध आहे, याची चाहूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागली. पिएर मारी या फ्रेंच वैद्याने १८८६ मध्ये हातपाय आणि जबडा बेसुमार वाढणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून त्या विकाराला ‘अॅक्रोमेगली’ हे नाव दिले, आणि पुढे या रुग्णांमध्ये ही ग्रंथी वाढलेली असते हे दिसून आले. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग यांनी गुरांच्या ग्रंथीचा अर्क टोचून उंदीर नेहमीपेक्षा कितीतरी मोठे वाढवून दाखवले. त्याच इव्हान्स यांनी चो हाओ ली यांच्यासह १९४४ मध्ये गुरांचे वाढीचे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. येथवरची वाट इन्सुलिनच्या वाटेसारखीच होती. गाईडुकरांचे इन्सुलिन १९२२ पासून माणसांना लागू पडत होते, त्यामुळे वाढीच्या बाबतीतही कत्तलखान्यांतून हवे तेवढे औषध मिळेल अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. ती फोल ठरली. गुरांचे वाढीचे संप्रेरक माणसाच्या शरीरात काम करत नाही, त्यासाठी माणसाचे किंवा माकडासारख्या जवळच्या प्राण्याचेच संप्रेरक लागते, हे १९५०च्या दशकाच्या मध्यास स्पष्ट झाले. बोस्टनच्या मॉरिस रेबन यांनी १९५८ मध्ये पीयूषिकेच्या विकाराने खुजा राहिलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला मृतदेहांच्या ग्रंथींतून काढलेले संप्रेरक दिल्याचे आणि त्याची उंची वाढू लागल्याचे प्रसिद्ध केले, आणि उपचार खऱ्या अर्थाने सुरू झाला.

त्याबरोबर टंचाईही सुरू झाली. शवविच्छेदनाच्या वेळी काढलेल्या ग्रंथी हाच एकमेव स्रोत होता आणि एका मुलाच्या वर्षभराच्या उपचाराला अशा अनेक डझन ग्रंथी लागत. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पाठबळाने ग्रंथी गोळा करून संप्रेरक वाटणारी मध्यवर्ती यंत्रणा उभी राहिली, ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५९ मध्ये काम हाती घेतले, आणि फ्रान्स व ऑस्ट्रेलियानेही आपापले कार्यक्रम चालवले. १९८५ पर्यंत अमेरिकेत सुमारे ७,७००, ब्रिटनमध्ये १,८०० च्या वर आणि फ्रान्समध्ये सुमारे १,७०० जणांना हे औषध मिळाले. मागणी यापेक्षा पुष्कळ अधिक होती, म्हणून निवड करणे भाग होते.

निवड करायची तर मोजायला हवे. हे संप्रेरक दिवसभर एका पातळीवर राहत नाही. ते लहरींनी, विशेषतः गाढ झोपेत स्रवते, त्यामुळे कोणत्याही वेळी काढलेल्या रक्तावरून काही कळत नाही. रक्तातील अत्यल्प संप्रेरक मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हाती आल्यावर ग्रंथीला मुद्दाम उद्दीपित करून तिचा प्रतिसाद पाहण्याच्या चाचण्या रूढ झाल्या. इन्सुलिनने साखर उतरवायची, किंवा क्लोनिडीन, आर्जिनीन, ग्लुकागॉन यांपैकी काही द्यायचे, आणि ठरावीक अंतराने रक्त घ्यायचे. सर्वोच्च पातळी अमुक आकड्याच्या खाली राहिली तर कमतरता आहे, असे मानायचे. टंचाईच्या काळात हा आकडा दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असे, पुढे तो ७ झाला आणि नंतर अनेक ठिकाणी १०. मुलांच्या ग्रंथींत या काळात काहीही बदल झालेला नव्हता. शिवाय एकाच मुलाची चाचणी दोनदा केली तर दोन वेगळी उत्तरे येऊ शकतात, आणि पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर रेंगाळलेली निरोगी मुलेही तीत नापास होतात. या चाचणीला अंतिम निवाड्याचा मान देणे मुळातच चुकीचे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अरिष्ट आले ते याच स्रोतातून. मृत माणसांच्या मेंदूतील रोगकारक द्रव्य ग्रंथींच्या अर्कातून मुलांपर्यंत पोहोचू शकेल, असा इशारा एडिंबरो येथील शास्त्रज्ञ अॅलन डिकिन्सन यांनी १९७६ मध्ये दिला होता. मेंढ्यांमधील स्क्रेपी हा मेंदूचा रोग त्यांचा अभ्यासविषय असल्याने उकळूनही नष्ट न होणाऱ्या या द्रव्याचा स्वभाव त्यांना चांगला ठाऊक होता. कार्यक्रम चालूच राहिला. १९८४ च्या अखेरीस अमेरिकेत बालपणी ही इंजेक्शने घेतलेला एक तरुण क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाने दगावला. मेंदू झपाट्याने निकामी करणारा हा रोग एरवी उतारवयात आणि तोही क्वचितच होतो. स्टॅनफर्डच्या रेमंड हिंट्झ यांनी १९८५ च्या फेब्रुवारीत ही बाब औषध प्रशासनाला कळवली, लवकरच असे आणखी रुग्ण उजेडात आले, आणि एप्रिलमध्ये अमेरिकेतील वितरण थांबले. ब्रिटननेही त्याच वर्षी ते बंद केले. फ्रान्समध्ये शुद्धीकरणाची जादा पायरी जोडून ते १९८५ नंतरही काही काळ चालू राहिले, आणि त्या देशाला याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली. या रोगाचा सुप्तकाळ दशकांचा असल्याने मृत्यू पुढे अनेक वर्षे होत राहिले आणि एकट्या फ्रान्समध्ये त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली. तेथील डॉक्टर आणि अधिकाऱ्यांवर पॅरिसमध्ये खटला चालला, तो २००९ मध्ये निर्दोष सुटकेत संपला आणि अपिलातही निकाल फिरला नाही. अमेरिकेत मात्र १९७७ नंतर उपचार सुरू झालेल्या कोणालाही हा रोग झाल्याचे आढळलेले नाही. त्या सुमारास तेथे संप्रेरक काढण्याची अधिक शुद्ध पद्धत वापरात आली होती. ती आणली होती अधिक आणि चांगले संप्रेरक मिळावे म्हणून. मुले वाचली ती तिच्या अनुषंगाने.

जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून मानवी संप्रेरक बनवून घेण्याचे काम १९७९ पासूनच मार्गी लागले होते. जेनेन्टेक कंपनीच्या अशा औषधाला १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे जुना पुरवठा बंद झाल्यावर सहाच महिन्यांनी, अमेरिकेत मान्यता मिळाली. आता मर्यादा मृतदेहांची नव्हती, पैशाची होती. ज्यांच्या शरीरात संप्रेरकाची कमतरताच नाही, अशा मुलांकडे लक्ष वळले. मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारासाठी १९९३, टर्नर सिंड्रोम या मुलींमधील गुणसूत्र-विकारासाठी १९९६, प्रॅडर-विली सिंड्रोम या जन्मजात जनुकीय विकारासाठी २०००, जन्मतः लहान राहून पुढे न भरून निघालेल्या बालकांसाठी २००१ अशा मान्यता अमेरिकेत मिळत गेल्या. यांपैकी टर्नर सिंड्रोमच्या मुलींना झालेला फायदा खरा आणि मोठा आहे. २००३ ची मान्यता वेगळ्या जातीची होती. कोणतेही कारण सापडत नाही, पण उंची त्या वयाच्या सरासरीपेक्षा २.२५ प्रमाण विचलनांहून (सरासरीपासूनचा फरक मोजण्याच्या संख्याशास्त्रीय एककांहून) अधिक कमी आहे, एवढ्याच निकषावर उपचाराला परवानगी मिळाली. प्रत्येक लोकसमूहात सर्वांत बुटके असे एक-सव्वा टक्का लोक असणारच, ती गणिताची अपरिहार्यता आहे. वर्षानुवर्षे रोज एक इंजेक्शन घेऊन या मुलांच्या अंतिम उंचीत सरासरी चार ते सहा सेंटिमीटरांची भर पडते.

ही सारी चर्चा उंची कशाच्या तुलनेत कमी आहे, या प्रश्नावर उभी आहे. लंडनच्या जेम्स टॅनर यांनी १९६०च्या दशकात ब्रिटिश मुलांचे वृद्धी-आलेख तयार केले. हाडांचे वय, म्हणजे हाडांची वाढ कोणत्या वयाला शोभेल एवढी झाली आहे, हे पाहण्यासाठी अजूनही वापरला जाणारा ग्रॉयलिश-पाइल संच अमेरिकेतील सुखवस्तू गोऱ्या मुलांच्या क्ष-किरण चित्रांवर बेतलेला आहे. भारतात वैद्यक संशोधन परिषदेने १९५६ ते १९६५ या काळात देशभर मोजमापे घेतली, पण त्यात कुपोषित मुलेही मोठ्या प्रमाणावर होती, म्हणून ती माहिती ‘मुले कशी आहेत’ हे सांगे, ‘कशी असावीत’ हे नव्हे. पुढे अगरवाल आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस सुस्थितीतील भारतीय मुलांची मापे प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने पाच ते अठरा वयोगटासाठी सुधारित आलेख स्वीकारले. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा पुढाकार होता.

आलेख बदलला की त्याच मुलाचे स्थान बदलते. परदेशी आलेखावर ‘बुटका’ ठरलेला मुलगा भारतीय आलेखावर, आणि आईवडिलांच्या उंचीचा विचार करता, अगदी अपेक्षित जागी असू शकतो. उलटपक्षी, आपल्याकडे उंची खुंटण्यामागे अपुरे पोषण, थायरॉइडची कमतरता, गव्हामुळे बळावणारा सीलिअॅक आजार किंवा दीर्घकाळचा रक्तक्षय अशी कारणे अनेकदा असतात, आणि ती तपासल्याशिवाय उद्दीपन चाचणीकडे वळणे म्हणजे क्रम उलटा करणे होय. थायरॉइडची कमतरता असताना ती चाचणी खोटा निकालही देऊ शकते. म्हणून सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने त्याच पद्धतीने घेतलेली उंचीची दोन मापे आणि त्यांतून निघणारा वाढीचा वेग हाच आजही पहिला पुरावा मानला जातो. मात्र ही वाट पाहणे अनिश्चित काळ चालू शकत नाही, कारण पौगंडावस्थेच्या अखेरीस हाडांच्या टोकांची वाढ-पट्टी मिटली की कोणतेही संप्रेरक उंची वाढवू शकत नाही. सोळा-सतराव्या वर्षी प्रथमच डॉक्टरांकडे आणलेल्या मुलाच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र बहुधा हेच दाखवते.