तळपाय चोळला की झोप का येते?

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली की भांडी-खेळण्यांच्या रांगेत लाकडी रोलर विकणारा एखादा तरी बसलेला दिसतो. खाचा पाडलेला दांडका आणि सोबत प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड. कार्डावर दोन तळपाय, त्यांवर रंगीत ठिपके : इथे यकृत, इथे मूत्रपिंड, अंगठ्याच्या टोकाला मेंदू. आमच्या अण्णांनी दोन वर्षांपूर्वी असाच एक रोलर आणला. अण्णांचं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेलं. बारा-बारा तासांची पाळी, पायाखाली शहाबादी फरशी. रात्री पाय ठणकायचे आणि एक-दोन वाजेपर्यंत कुशी बदलणं चालायचं. रोलर फिरवायला लागल्यापासून झोप बरी लागते, असं ते म्हणतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. त्या कार्डावर नाही.

हा नकाशा हजारो वर्षांपूर्वीचा, चीनमधला म्हणून विकला जातो. खरं तर तो शंभरेक वर्षांचा आहे आणि अमेरिकेतला आहे. विल्यम फिट्झगेराल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९१०च्या दशकात शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यावरून तळपायावर सगळे अवयव मांडून दाखवले. चिनी अ‍ॅक्युप्रेशर ही वेगळी गोष्ट. त्यात झोपेसाठी दोन जागा नेहमी सांगतात : बोटं आत वळवल्यावर तळपायाच्या पुढच्या भागात पडणारा खळगा आणि आतल्या घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडाच्या मागची जागा. पण तळपायातून निघालेली मज्जातंतूंची दोरी पोटरीमागून, मांडीमागून कण्याच्या खालच्या भागात शिरते. वाटेत यकृताकडे जाणारा फाटा नाही.

चिनी वैद्यकाचा विषय निघाला की सोलापूरकराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८मध्ये ते भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२मध्ये तिथेच वारले, तोवर युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. सुया टोचायची विद्या भारतात आणली ती त्यांच्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी, १९५९च्या सुमारास.

मग अण्णांना झोप लागते ती कशाने? मला याचं सगळ्यात पटणारं उत्तर तापमानात सापडतं. झोप जवळ आली की शरीर आतलं तापमान थोडं उतरवायला लागतं, आणि त्यासाठी उष्णता कुठून तरी बाहेर टाकावी लागते. तळहात आणि तळपाय ही त्याची खिडकी. इथल्या कातडीखाली धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. त्या उघडल्या की गरम रक्त कातडीजवळ येतं, पाय उबदार होतात आणि शरीराचा गाभा थंड होत जातो. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी १९९९मध्ये दाखवलं की हातापायांतल्या या वाहिन्या जितक्या चांगल्या उघडतात, तितकी झोप लवकर लागते. दहा मिनिटं तळपाय चोळले की तिथे रक्त येतं, पाय गरम होतात. खिडकी आपण हाताने उघडून देतो, एवढंच. कोमट पाण्याचाही तोच गुण. ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने झोपण्याच्या एक-दोन तास आधी अंघोळ केली किंवा दहाच मिनिटं पाय बुडवले तरी झोप लवकर लागते, असं २०१९मधल्या एका आढाव्यात दिसलं.

ठणका कमी होण्याचं कारण निराळं. खुर्चीच्या पायाला करंगळी आपटली की आपण ती आधी चोळतो, ओरडतो नंतर. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५मध्ये याचा सिद्धांत मांडला : स्पर्शाचे आणि दाबाचे जाड मज्जातंतू जागे झाले की कण्यातलं दार वेदनेच्या संदेशांसाठी थोडं लोटलं जातं. तळपायात दाब आणि कंप ओळखणारी टोकं भरपूर असतात, त्यामुळे हे दार लोटायला तो सोयीचा.

आमच्याकडे रोलरच्या आधीपासून काशाची वाटी होती. आजी तळपायाला तूप लावून वाटीने चोळायची, आणि तूप काळपट-हिरवट झालं की म्हणायची, "बघ, अंगातली उष्णता निघाली." कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ला २२ या प्रमाणात. घामातली आणि तुपातली आम्लं तांब्याशी संयोग पावतात, घासल्याने धातूचे अगदी बारीक कण सुटतात, त्यात मेलेली कातडी मिसळते. त्याचा तो रंग. पडताळा घरीच घेता येतो : तोच पाय, तेच तूप, वाटी मात्र स्टीलची. रंग येत नाही, आराम मात्र तेवढाच मिळतो. पादाभ्यंगाने, म्हणजे पायांना तेल चोळल्याने, पायाचा खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, थकवा आणि बधिरपणा लगेच जातो, असं चरकसंहितेत म्हटलंय. ही यादी सगळी पायाचीच आहे. डोळ्यांना फायदा होतो असंही तिथे पुढे आहे. ते मी सोडून देतो.

संशोधनाचं म्हणाल तर अडचण मुळातच आहे. खोटी गोळी देता येते, पण खोटं पाय चोळणं कसं करणार? ज्याचा पाय दाबला जातोय त्याला ते कळतंच. एडझार्ड अर्न्स्ट या संशोधकांनी २००९मध्ये ठिपक्यांच्या उपचारावरच्या १८ चाचण्या तपासल्या, आणि कोणताही आजार त्याने बरा होतो असा खात्रीचा पुरावा त्यांना मिळाला नाही. झोपेवरच्या छोट्या चाचण्यांत सुधारणा दिसते, पण ती बहुतेक 'झोप कशी झाली?' या प्रश्नावलीतून मोजलेली असते. माझं मत असं की बोट ठिपक्यावरून थोडं सरकलं तरी फार काही बिघडत नाही. कोणीतरी दहा मिनिटं शांतपणे पाय धरून बसलंय आणि मोबाइल लांब पडलाय, याचाही त्यात मोठा वाटा असावा.

मधुमेह असलेल्यांनी मात्र रोलर घेण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावेत. तळपाय बधिर झालेले असू शकतात, टोकदार रोलरने जखम होते आणि कळत नाही. पाय बुडवायचं पाणी किती गरम आहे ते कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्याने तपासावं, स्वतःच्या पायाने नाही. तळपायाची आग होते म्हणून नुसतं चोळत बसणंही बरोबर नाही. त्यामागे मधुमेह किंवा बी-१२ची कमतरता असू शकते. एकच पोटरी सुजून लाल, गरम झाली असेल तर तिला हात न लावता दवाखाना गाठायचा, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणी घोट्यावरची ती चार बोटांची जागा दाबू नये, असं अ‍ॅक्युप्रेशरवालेच सांगतात. आणि सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येत असेल, तर रोलरने तेवढ्यापुरतं बरं वाटेल, पण भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम आणि घरातही मऊ चप्पल यांचा उपयोग जास्त होतो.

मे महिन्यात अण्णा रोलर बाजूला ठेवतात. रात्रीची हवाच तापलेली असली की पाय कितीही उबदार करा, उष्णता जाणार कुठे? मग ते गच्चीवर पाणी मारतात, पाय धुऊन न पुसता अंथरुणावर पडतात. इथली हवा कोरडी, त्यामुळे पाणी उडतं आणि उडताना पायातली उष्णता घेऊन जातं. पाणी माठातलं चालतं, फ्रिजमधलं नको. बर्फगार पाण्याने त्याच वाहिन्या आवळतात आणि खिडकी बंद होते. पहाटे गारवा सुटला की चादर अंगावर येते, पण पाय चादरीबाहेरच असतात.