पेडल खाली का जातं?

जुन्या मोटारहोमचा, म्हणजे चाकांवरच्या राहत्या घराचा, ब्रेक दाबला की पेडल थेट तळाला जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की अर्ध्यावर अडतं आणि तिसऱ्यांदा चक्क वर लागतं. यावर ठरलेलं निदान म्हणजे ‘प्रेशर बनत नाही, मास्टर सिलिंडर गेला.’ मग पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल नळीत ढकलणारा हा सिलिंडर नवा बसतो, नळीतली हवा काढली जाते, आणि पेडल पुन्हा तळाला. असं झालं की मागचे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डबडी, आधी उघडून बघावेत. पुष्कळदा ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात, आणि ते जागेवर आणणारा अ‍ॅडजस्टर गंजून जाम झालेला असतो. पहिल्या वेळी ढकललेलं सगळं ऑइल लायनर ड्रमपर्यंत नेण्यातच खर्ची पडतं.

पेडल किती खाली गेलं, यावरून किती ऑइल सरकलं ते कळतं. पायाला किती घट्ट लागलं, यावरून दाब कळतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की चांगले सुटे भाग भंगारात जातात. मास्टर सिलिंडर फक्त ऑइल पुढे ढकलतो. पुढे काही अडलं तरच दाब चढतो. लायनर ड्रमला टेकेपर्यंत नळीत दाब जवळपास नसतोच. एकदा टेकला, की ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात सांगितलेला नियम कामाला लागतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो.

हिशोब करून बघू. पायाचा जोर 30 किलो. पेडल ही तरफ आहे, ती हा जोर समजा पाचपट करते, म्हणजे 150 किलो. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या इंचभर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण 5 चौरस सेंटिमीटर. म्हणजे दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला 30 किलो, तोही बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची, मदत न घेता. तोच दाब कॅलिपरमधल्या, म्हणजे चाकाच्या डिस्कला चिमटणाऱ्या भागातल्या, 40 चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर 1,200 किलोचा जोर लावतो. हे अर्थात फुकट मिळत नाही. जोर आठपट वाढला तर सरकणं आठपट कमी होतं.

आता याच नळीत 5 मिलीलिटर, म्हणजे चमचाभर, हवा घाला. एवढ्या दाबाखाली ती आक्रसून जेमतेम 0.16 मिलीलिटर उरते. तिने सोडलेली जागा भरायला दट्ट्याला सेंटिमीटरभर जास्त सरकावं लागतं आणि पेडलला 5 सेंटिमीटर. चमचाभर हवेची ही करामत! शिवाय दबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळते, म्हणून पाय स्पंजवर ठेवल्यासारखा वाटतो. मोटारहोममध्ये हवेला लपायला जागाही भरपूर. 1973 ते 1978 या काळात बनलेल्या जीएमसी मोटारहोमला पुढे दोन डिस्क आणि मागे एकामागे एक अशी चार ड्रमची चाकं आहेत. म्हणजे सहा ठिकाणी निपल, म्हणजे हवा बाहेर सोडायचे स्क्रू, सैल करायचे, आणि मधल्या लांबलचक नळीत जिथे उंचवटा असेल तिथे बुडबुडा ठाण मांडून बसणार. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला तर निपल खाली येतो, मग ऑइलचे कितीही डबे ओता, वरची हवा हलत नाही.

पाय तसाच दाबून धरल्यावर पेडल सावकाश बुडत असेल तर कुठेतरी गळती आहे. बाहेर थेंब नाही, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही तीच, तर बहुधा मास्टर सिलिंडरमधला रबरी कप ऑइल मागे सोडतोय. खात्री करायला त्याची दोन्ही तोंडं प्लगने बंद करावीत. पेडल दगडासारखं घट्ट आणि उंच लागलं तर सिलिंडर निर्दोष.

उलट, पेडल उंच आणि कडक, पण गाडी थांबायला तयार नाही, तर संशय बूस्टरवर. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा ब्रेक दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. व्हॅक्यूम बूस्टर चालू असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली जातं.

हवा काढण्याच्या जुन्या पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे. एकाने आत बसून पेडल तळापर्यंत मारायचं आणि दुसऱ्याने निपल सोडायचा, हे जुन्या सिलिंडरला मारक ठरतं. ही वाहनं महिनोन्‌महिने उभी असतात आणि नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. दट्ट्या एरवी जिथपर्यंत जातच नाही, त्या भागात गंजाचे खड्डे पडतात. पेडल तळाला गेलं की कपाची कोवळी कड त्या खड्ड्यांवरून खरवडली जाते. कालपर्यंत चालणारा सिलिंडर ‘सर्व्हिसिंगनंतर’ जातो तो असा. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की हे टळतं.

त्या पाण्याचा दुसरा उपद्रव उतारावर दिसतो. 5 टनांची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबवताना निघणाऱ्या उष्णतेत चार लिटर पाणी उकळीला येईल. डॉट 3 या दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, 3.7 टक्के पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच 140 अंशांवर येतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ हवेसारखीच दबते. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठणठणीत, त्यामुळे तपासायला नेल्यावर काहीच सापडत नाही.

एक दोष मात्र सगळ्यांना चकवतो. चाकाकडे जाणारी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगून बंद होत आलेली असते. पायाचा जोर ऑइलला तिच्यातून रेटतो, परतीला मात्र तेवढा जोर नसतो. ब्रेक सोडल्यावरही ते एक चाक धरून राहतं, तापतं, गाडी एका बाजूला ओढते. उरलेल्या चाकांना अडण लावून ते चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा आणि हाताने फिरवून बघा. हलणार नाही. मग निपल अर्धा आटा सैल करा. अडकलेला दाब ऑइलच्या पिचकारीने बाहेर पडतो आणि चाक मोकळं फिरू लागतं.