सिनेमा सुटल्यावरचा दीड तास

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या मल्टिप्लेक्समधून बाहेर पडताना मी आणि मावशी, दोघीही गप्प होतो. सिनेमात एक म्हातारा रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर येऊन बसायचा. नातू येईल म्हणून. रिक्षा कापूरबावडीच्या सिग्नलला थांबली आणि मला पुन्हा रडू फुटलं.

"अगं, खोटं असतं ते सगळं," मावशी म्हणाली. "तो नट आत्ता घरी जेवत बसला असेल."

खोटं आहे हे मला थिएटरमध्येही ठाऊक होतं. पण त्याचा उपयोग होत नाही. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना तीच गोष्ट कधी 'खरी घटना' म्हणून दिली, कधी 'काल्पनिक' म्हणून. माणसं गोष्टीत किती रंगून जातात यावर त्या शिक्क्याने फरक पडला नाही. म्हणजे मावशीचं औषध गुणकारी नाही, निदान पहिल्या तासात तरी.

शिवाय शरीर मागे राहिलेलं असतं. दिवे लागतात, आपण पॉपकॉर्नचा डबा कचऱ्यात टाकतो, पण छातीतली धडधड आणि घशातला आवंढा लगेच ओसरत नाही. ही उरलेली उत्तेजना पुढच्या भलत्याच प्रसंगात मिसळते, असं मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात मांडलं. सिनेमाहून परतताना सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्याशी नको इतकं भांडण झालं असेल, तर थोडा दोष त्या उरलेल्या धडधडीलाही द्यावा.

"रड, मोकळी होशील," असं आपण सहज म्हणतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे घड्याळ लावून पाहिलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६० जणांना रडवणारे सिनेमे दाखवले. २८ जण रडले, ३२ रडले नाहीत. न रडलेल्यांची मनःस्थिती होती तशीच राहिली. रडलेल्यांची मात्र सिनेमा संपल्यासंपल्या चांगलीच खालावली. २० मिनिटांत ती पूर्वपदावर आली आणि ९० मिनिटांनी सिनेमाआधीपेक्षाही बरी झाली. मोकळं वाटतं हे खरं, पण उशिरा वाटतं. आपण नेमके मधल्या खड्ड्यात असताना "माझं काहीतरी बिघडलंय" असा निष्कर्ष काढून बसतो.

मग काहींचं दुःख चार-चार दिवस का रेंगाळतं? बेल्जियममधल्या दोन संशोधकांनी २३३ विद्यार्थ्यांना २७ भावनांबद्दल विचारलं, तेव्हा सगळ्यांत जास्त टिकणारी भावना निघाली दुःख. लांबलेल्या भावनांमागे दोन गोष्टी होत्या: घटना महत्त्वाची असणं आणि तिचा रवंथ. घरी येऊन तोच प्रसंग रीलवर पाचदा पाहणं, तेच गाणं कानात लावून झोपणं, हा सगळा रवंथच. तो निदान त्या रात्री टाळावा.

चालावं, बोलावं. आणि बोलताना भावनेला नेमकं नाव द्यावं. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ साली लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. त्या चेहऱ्यांवरची भावना शब्दांत सांगितली की भीतीसारख्या भावनांत जागा होणाऱ्या मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होताना स्कॅनमध्ये दिसली. इथे आपली मराठी फार कामाची आहे. 'सॅड वाटतंय' म्हणून भागवू नये. हुरहूर आहे, चुटपुट आहे, की रुखरुख? हुरहूर नुसतीच लागते, तिला कारण लागेलच असं नाही. रुखरुखीच्या मुळाशी बहुधा आपण न केलेलं काहीतरी असतं.

(उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप-भूक उडाली, तर तो सिनेमाचा विषय राहत नाही. १४४१६ ही सरकारची मोफत टेली-मानस हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं.)

"तलावपाळीला उतरू," मावशीच म्हणाली. मासुंदा तलावात बोटी फिरत होत्या, कट्ट्यावर भेळ खाणाऱ्यांची गर्दी होती. अर्धी फेरी झाल्यावर मी सांगून टाकलं. रुखरुख होती. आजोबांच्या शेवटच्या महिन्यात मी परीक्षेचं निमित्त करून गेलेच नव्हते. सिनेमातला म्हातारा थांब्यावर बसला की मला आमचीच ओसरी दिसत होती.

"अण्णा तुझी वाट बघत नव्हते गं," मावशी म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांना मीसुद्धा ओळखू येत नव्हते. मला 'बाई' म्हणायचे. 'बाई, पाणी देता का?' म्हणायचे."

आणि ती थांबली. थिएटरमध्ये तिच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. मी घड्याळ पाहिलं, माझा दीड तास संपत आला होता. तिचा आत्ता सुरू होत होता. आम्ही दुसरी फेरी मारायला वळलो.