घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे

'जितका घाम, तितकी चरबी वितळते' हा मेसेज उन्हाळा लागला की फिरतो. पटतोही, कारण घाम गाळून आल्यावर वजन खरंच कमी भरतं. पण घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि थोडं मीठ. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. शरीर चरबी जाळतं तेव्हा तिचं साधारण 84 टक्के वजन कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतं. सोलापुरात मे महिन्यात नुसतं पंख्याखाली बसलं तरी बनियन भिजतं, चरबी मात्र जागेवरच! खात्री करायचीय? फिरून आल्यावर वजन करा, अर्धा लिटर पाणी प्या, लगेच परत काट्यावर उभे राहा. अर्धा किलो वाढलेलं दिसेल. शर्टाच्या पाठीवर वाळलेल्या पांढऱ्या रेघाही बघा. त्या मिठाच्या असतात, पाण्याने धुतल्या की जातात.