जमैकातल्या गुहा : आमच्यासोबत निघण्यापूर्वी

जमैकाच्या सहलीची चौकशी करायला येणारे बरेचजण कार्यक्रमपत्रिकेत ‘गुहा’ हा शब्द वाचून विचारतात, “तिथली लेणी कोणी कोरली?” आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. कार्ले, भाजे, वेरूळ पाहत आपण वाढलो. आपला कातळ बेसॉल्टचा, तो पाण्यात विरघळत नाही. डोंगराच्या पोटात खोली हवी असेल तर छिन्नी घेऊन माणसालाच बसावं लागलं. जमैकात तसं नाही. त्या बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग चुनखडीचा आहे, आणि चुनखडी पावसाच्या पाण्याने झिजते. तिथली दालनं पाण्याने घडवली, माणूस मागाहून आत आला. म्हणून या पत्रकात आम्ही कुठेही ‘लेणी’ म्हटलेलं नाही, गुहाच म्हटलं आहे.

पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आंबट होतं. तेवढ्या आंबटपणावर ते चुनखडीच्या भेगा रुंदावत जातं. पुढे हेच चुना विरघळलेलं पाणी पोकळीच्या छताशी थेंब होऊन लोंबतं, तेव्हा सोड्याची बाटली उघडल्यावर जसा वायू निसटतो तसा त्यातला वायू निघून जातो आणि कॅल्साइटचा पातळ थर मागे राहतो. थरावर थर चढून लवणस्तंभ तयार होतो. नावात लवण असलं तरी त्यात मीठ नसतं. वाढ वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर वीतभर लांबीला दोन हजार वर्षं लागतात. कार्ल्याचं चैत्यगृह कोरलं जात होतं, त्या सुमाराला या वीतभर खांबाचा पहिला थेंब पडला असेल. आपल्या हाताच्या त्वचेचं तेल त्यावर लागलं की पाणी तिथे नीट बसत नाही, रंग काळवंडतो आणि वाढ खुंटू शकते. गुहेत कशालाही हात लावू नका, असं आम्ही वारंवार सांगतो ते यासाठी.

पहिली भेट : ग्रीन ग्रोटो

मॉन्टेगो बेहून उत्तर किनाऱ्याने पूर्वेला गेलं की साधारण तासाभरात डिस्कव्हरी बे येतं. तिथून पुढे रनअवे बेच्या वाटेवर ही गुहा आहे. लांबी सुमारे १,५२५ मीटर. पायवाटा आणि दिवे आहेत, हेल्मेट तिथेच मिळतं, स्थानिक वाटाड्या सोबत असतो. वरच्या झाडांची मुळं चुनखडी भेदून दोरखंडासारखी आत उतरलेली दिसतात. सर्वांत खाली भूगर्भातलं तळं आहे. तिथे दोन मिनिटं कोणीही बोलायचं नाही, अशी आमच्या गटाची पद्धत आहे. ती पाळावी.

या गुहेने आश्रय किती जणांना दिला, ते पाहण्यासारखं आहे. आधी तायनो, म्हणजे कोलंबस १४९४ मध्ये येण्यापूर्वीपासून बेटावर राहणारे लोक. १६५५ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, तेव्हा शेवटचा स्पॅनिश गव्हर्नर इसासी याने १६६० पर्यंत झुंज दिली आणि मग क्यूबाला निसटला. तो इथे लपला होता, असं सांगतात. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनीही या गुहांत आसरा घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे रमची पिंपं साठवली होती. वाटाड्या रमची गोष्ट रंगवून सांगतो, लोकांना ती आवडते. आमची विनंती एवढीच, की पळून आलेल्या माणसांचा भाग आला की तोही तितक्याच लक्ष देऊन ऐका.

तायनोंच्या श्रद्धेत गुहेचं स्थान फार वरचं होतं. रामोन पाने या स्पॅनिश धर्मसेवकाने शेजारच्या हिस्पॅनिओला बेटावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या कथा टिपून ठेवल्या. त्या कथांत माणसं एका गुहेतून पृथ्वीवर आली, आणि सूर्य-चंद्र दुसऱ्या गुहेतून वर गेले. मेलेले दिवसा दडून राहतात आणि रात्री पेरू खायला बाहेर पडतात, असंही त्यांत आहे. संध्याकाळी फळांच्या शोधात निघणारी वटवाघळं गुहेच्या तोंडाशी उभं राहून पाहिली, की ही कल्पना कुठून आली असेल हे उमगतं.

१७९२ मध्ये जमैकातल्या कार्पेंटर्स पर्वतातल्या एका गुहेत तायनोंच्या तीन लाकडी मूर्ती सापडल्या. अशा मूर्तींना सेमी म्हणतात. त्या आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतली एक पाऊस देणाऱ्या बोइनायेलची मानली जाते, तिच्या गालांवर अश्रूंचे ओघळ कोरलेले आहेत. या मूर्ती परत मिळाव्यात, अशी मागणी जमैका सरकारने केली आहे. ती रास्त आहे, असं आम्हाला वाटतं. ज्या गुहेतून त्या गेल्या, त्या मातीवर उभं राहून हा विचार केल्याशिवाय सहल पूर्ण होत नाही.

दुसरी भेट : विंडसर, फक्त तोंडापर्यंत

ट्रेलॉनी परगण्यात कॉकपिट कंट्री सुरू होतो. शेकडो गोल टेकड्या आणि त्यांच्यामध्ये खोल, वाडग्यासारखे खळगे. इंग्रजांना ते कोंबड्यांच्या झुंजीच्या खड्ड्यांसारखे वाटले, त्यावरून हे नाव. खळग्यात पडलेला पाऊस ओढा होऊन वाहत नाही. तो खाली मुरतो, गुहांमधून फिरतो आणि मैलोगणती दूर झरा होऊन निघतो. मार्था ब्रे नदी विंडसरजवळच उगम पावते. सोन्याची गुहा दाखव म्हणून स्पॅनिशांनी एका तायनो स्त्रीला धरलं, तिने नदीचा प्रवाह फिरवला आणि त्यांच्यासह स्वतःही बुडाली, अशी या नदीची आख्यायिका आहे.

याच प्रदेशात मरून लोकांनी, म्हणजे निसटून स्वतंत्र वस्त्या केलेल्या आफ्रिकी माणसांनी, इंग्रज फौजेला दमवलं. अखेर १७३९ मध्ये त्यांचा नेता कुजो याच्याशी इंग्रजांना तह करावा लागला. तो ज्या गुहेपाशी झाला असं सांगतात, ती ‘पीस केव्ह’ आकोम्पाँग गावाजवळ आहे. दरवर्षी ६ जानेवारीला तिथे उत्सव होतो, आबेंग नावाचं शिंग फुंकलं जातं. ते गाव आजही मरून लोकांचं आहे. आम्ही त्यांच्या परवानगीनेच जातो आणि परवानगी नसेल तर तो दिवस बदलतो.

विंडसरची मोठी गुहा जवळपास तीन किलोमीटर लांब आहे. तिच्या आत आम्ही गट नेत नाही. पैसे भरले असताना आत का नाही, असं विचारलं जातं, म्हणून कारण सांगतो. तिथे वटवाघळांच्या मोठ्या वसाहती आहेत. माणसांचा गलका आणि विजेऱ्यांचा उजेड यांनी माद्या बिथरल्या तर पिल्लं छतावरून खाली पडतात. शिवाय विष्ठेच्या धुळीतल्या बुरशीमुळे हिस्टोप्लास्मोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. दमा, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो जास्त त्रास देतो. म्हणून आपण सूर्यास्ताआधी तोंडापासून थोडं अंतर राखून बसतो. अंधारू लागलं की वटवाघळांचा लोट बाहेर पडतो. कधीकधी दगडावर पिवळा साप, म्हणजे जमैकन बोआ, उडतं वटवाघूळ टिपायला टपलेला असतो. तो बिनविषारी आहे, घाबरू नका, दगड मारू नका. तिथले लोक वटवाघळाला ‘रॅटबॅट’ म्हणतात. नुसतं ‘बॅट’ म्हटलं तर ते दिव्याभोवती फिरणारा पतंग, म्हणजे कीटक, समजतात.

बॉक्साइट हा जमैकाचा मोठा खनिज व्यवसाय आहे आणि त्याचे साठे चुनखडीवरच आहेत. कॉकपिट कंट्रीत खाण नको म्हणून लोकांनी दीर्घकाळ आवाज उठवला. २०१७ मध्ये सरकारने संरक्षित क्षेत्राची सीमा जाहीर केली. तिच्याबद्दलचा वाद मात्र मिटलेला नाही.

सामानाविषयी

रबरी तळव्याचे बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोक्याला बांधायची विजेरी आणि मास्क घ्या. विंडसरसाठी विजेरीला लाल कागद लावा. दम्याचा पंप हातातल्या पिशवीत असू द्या.

एक गोष्ट विशेष. आमचे बरेच प्रवासी अमेरिकेत मुलाबाळांकडे राहून मग पुढे जमैकाला येतात. तिकडच्या एखाद्या गुहेत गेला असाल, तर तेच बूट आणि कपडे इकडे आणू नका. २००६ च्या हिवाळ्यापासून अमेरिकेत एका बुरशीने लाखो वटवाघळं मेली आहेत, आणि तिचे बीजाणू चिखलाबरोबर प्रवास करतात.

शेवटचा दिवस किंग्स्टनचा. सबायना पार्क बाहेरून पाहण्याचा आग्रह आमचाच आहे. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १९७१ मध्ये इथेच २१२ धावा केल्या होत्या. विमानतळावर निघण्यापूर्वी बुटांचा चिखल हॉटेलच्या आवारातच धुऊन घ्या, त्यासाठी अर्धा तास राखून ठेवला आहे.