घोरण्याची टेस्ट, तिचं बिल अन् तुमची पॉलिसी

राम राम. डॉक्टरांनी स्लीप स्टडी सांगितली, कॅशलेस होईल ना, असा फोन आमच्या विम्याच्या ऑफिसात हल्ली सारखा येतो, म्हणून हे एकदाच लिहून छापलं. स्लीप स्टडी म्हणजे झोपेत श्वास अडतो का, म्हणजे स्लीप ॲप्निया हा आजार आहे का, हे बघायची रात्रभराची टेस्ट.

सरळ सांगतो, नुसत्या टेस्टचं बिल बहुतेक पॉलिसीत मिळत नाही. रात्रभर हॉस्पिटलात झोपलो म्हणजे ॲडमिटच झालो असं आपल्याला वाटतं, पण फक्त तपासणीसाठी ॲडमिट झालं तर खर्च देय नाही हे कलम पॉलिसीत असतंच, एक्सक्लुजन कोड 04 म्हणून बघा. ओपीडी कव्हर, म्हणजे ॲडमिट न होता झालेल्या खर्चाचं कव्हर, घेतलं असेल तर त्यातून काही निघू शकतं. आणि पुढे त्याच आजारासाठी ऑपरेशन झालं आणि तो क्लेम पास झाला तर ॲडमिट व्हायच्या आधीच्या 30 किंवा 60 दिवसातली टेस्ट प्री-हॉस्पिटलायझेशनमध्ये लावता येते, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी अन् पक्कं बिल फेकू नका. झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवेचा दाब देणारं, घरी लावायचं सीपॅप मशीन मात्र बऱ्याच पॉलिसीत बसत नाही.

आता लॅब. तुम्ही म्हणाल विमावाल्याला लॅबचं काय पडलंय, तर पडलंय, कारण क्लेमच्या वेळी कंपनी रिपोर्टवरचा आकडा बघते. एएचआय म्हणजे झोपेत दर तासाला श्वास किती वेळा अडला किंवा मंदावला, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर गंभीर. लॅबमध्ये डोक्याला वायरी लावतात म्हणून खरी झोप किती झाली ते कळतं, घरी देतात त्या छोट्या मशीनला बहुतेक वेळा त्या वायरी नसतात, मग तुम्ही कूस बदलत जागे पडला तो वेळही झोपेत धरला जातो. समजा मशीन 8 तास चालू, श्वास 180 वेळा अडला, पण झोप 5 च तास. घरच्या मशीनवर आकडा 22.5, लॅबमध्ये 36! वजन कमी करायच्या ऑपरेशनला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40 लागतो, सोबत गंभीर स्लीप ॲप्निया असेल तर 35 वर चालतं, तेव्हा या फरकावर क्लेम अडू शकतो. घरची टेस्ट वाईट असं नाही, लक्षणं ठळक असली तर डॉक्टरच ती सांगतात.

म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा, रात्रभर टेक्निशियन जागा राहणार का, वायर निघाली तर परत कोण लावणार, रिपोर्ट माणूस पानं बघून काढतो की सॉफ्टवेअरने निघाला तसाच प्रिंट, अन् खाली सही कोणत्या डॉक्टरची. लाईट गेली तर बॅकअप आहे का हेही विचारा, मे महिन्यात जळगावात एसी बंद पडल्यावर कोण झोपणार? रात्रीच्या लाईटीवर केळीला पाणी भरता किंवा भुसावळला रेल्वेत रात्रपाळी करता तर झोपायची तुमची रोजची वेळ लॅबला आधी सांगून ठेवा.

आमचे एक जुने ग्राहक आप्पा म्हणायचे, "मी ते घोरस, म्हणजे माले झोप गाढ लागस." टेस्ट झाल्यावर गप्प बसले.

रिपोर्ट हातात असताना नवी पॉलिसी काढायची तर फॉर्मवर लिहाच. आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त 36 महिने असतो, तो निघून जातो, पण लपवलेलं सापडलं तर क्लेम जातो आणि तेव्हा आम्हालाही काही करता येत नाही.

विचारायला येताना पॉलिसीची पूर्ण बुकलेट आणा भाऊ, नुसतं कार्ड नको.