कोरड्या भुकटीपासून अमृतापर्यंत : ‘एलिक्झर’ची जन्मकथा

‘अक्सीर इलाज’ म्हणताना आपण जो ‘अक्सीर’ वापरतो, तो इंग्रजी ‘एलिक्झर’चा, म्हणजे सर्व दुखणी बरी करणाऱ्या अमृतासारख्या औषधाच्या नावाचा, सख्खा भाऊ आहे. दोघांचं मूळ अरबी ‘इक्सीर’. आपल्याकडे तो फारसीतून आला. युरोपात लॅटिनमार्गे गेला आणि जाताना ‘अल्’ हे अरबी उपपद त्याला कायमचं चिकटलं, अल्कोहोल आणि अल्जिब्राला चिकटलं तसंच.

अरबीतही हा शब्द पाहुणाच. ग्रीक भाषेत ‘झेरॉस’ म्हणजे कोरडा आणि ‘झेरिऑन’ म्हणजे जखमेवर भुरभुरायची भुकटी. (‘झेरॉक्स’मधला ‘झेर’ही हाच, त्या छपाईला ओली शाई लागत नाही.) प्यायच्या औषधाला ज्याचं नाव मिळालं, त्या शब्दाच्या पोटात कोरडेपणा आहे, हे मला फार विलक्षण वाटतं.

भुकटीचं अमृत केलं किमयागारांनी, म्हणजे हलक्या धातूंचं सोनं करू पाहणाऱ्यांनी. शिसं, तांबं हे त्यांच्या लेखी जणू आजारी धातू आणि सोनं तेवढं निरोगी. मग जखमेवर टाकतात तशी भुकटी वितळलेल्या धातूवर टाकली, तर तोही बरा होईल! आठव्या शतकातल्या जाबिर इब्न हय्यान याच्या नावावर असलेल्या ग्रंथांत ‘इक्सीर’ला मोठं स्थान आहे. धातूला बरं करणारं औषध माणसालाही बरं करील, ही पुढची उडी स्वाभाविकच होती. १२व्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरू लागले आणि ही कल्पनाही युरोपात पोचली. अमरत्वाची ओढ अर्थात त्याहून जुनी. चीनमध्ये पारा आणि हिंगुळ (पाऱ्याचं लाल खनिज) यांपासून केलेली अशी औषधं घेऊन तांग घराण्यातले सम्राटही दगावले.

पुढे औषधनिर्मितीत एलिक्झर म्हणजे अल्कोहोल असलेलं गोड, पातळ औषध, असा नेमका अर्थ ठरला. १९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्झर सल्फानिलामाइड’ घेऊन शंभराहून अधिक माणसं दगावली, त्यांत कितीतरी लहान मुलं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक होतं. औषध सुरक्षित आहे की नाही, हे विक्रीआधी तपासण्याची सक्ती तेव्हाच्या कायद्यात नव्हती. बाटल्या जप्त करता आल्या त्या एका शब्दाच्या आधारावर : लेबलवर ‘एलिक्झर’ छापलं होतं आणि आत अल्कोहोलच नव्हतं. नुसतं ‘द्रावण’ लिहिलं असतं, तर तेवढाही आधार उरला नसता. विक्रीआधी सुरक्षिततेचा पुरावा मागणारा कायदा १९३८ मध्ये आला.